उत्तररंगाला आलेल्यांसाठी

‘गंडम बघायचंय, कुठून सुरुवात करू?’ हा प्रश्न मला गेली पंधरा वर्षं कोणी ना कोणी विचारत आलं आहे आणि या काळात मी त्याचं उत्तर दोनदा बदललं. पहिल्या उत्तरापायी एक मावसभाऊ या नादातून कायमचा सुटला. दुसऱ्याने भाचीला अर्ध्या वाटेत अडकवलं. तिसरं अजून तरी टिकून आहे. तिन्ही वेळा डोळ्यांसमोर मालिका एकच होती : ‘मोबाईल सूट गंडम युनिकॉर्न’. २०१० ते २०१४ या काळात सात भागांत आलेली. प्रचंड यंत्रमानवांच्या पोटात माणसं बसून लढतात, त्या मेका प्रकारातल्या जपानी ॲनिमेत हात राखून न ठेवता केलेलं काम कसं दिसतं, ते बघायचं तर इथे बघावं. पहिला भाग लावून द्यावा आणि बघणाऱ्याच्या चेहऱ्याकडे बघत बसावं, अशी ही मालिका. अडचण एवढीच, की हे कीर्तनाच्या उत्तररंगातलं आख्यान आहे. पूर्वरंग एकतीस वर्षं आधीच सुरू झाला होता.

तो सुरू झाला ७ एप्रिल १९७९ रोजी, नागोया टीव्हीवर. त्याआधी मेका म्हणजे १९७२च्या ‘माझिंगर झेड’च्या वळणाचे अजिंक्य रोबो. दर आठवड्याला नवा राक्षस, शेवटी हुकमी अस्त्र आणि बाजारात त्याच रोबोचं धातूचं खेळणं. दिग्दर्शक योशियुकी तोमिनो यांनी या रोबोला लष्करी वाहनाच्या पातळीवर आणलं. त्याचा दारूगोळा संपतो, त्याला दुरुस्ती लागते आणि समोरच्या यंत्रातही कुणाचा तरी मुलगा बसलेला असतो. पृथ्वीवरचं संघराज्य आणि अंतराळातल्या वसाहती यांच्यातलं ते युद्ध होतं आणि दोन्हीकडची माणसं समजण्यासारखी होती. प्रेक्षक बेताचेच मिळाले. बावन्न भागांचा बेत त्रेचाळीसवर आटोपावा लागला. जानेवारी १९८० मध्ये मालिका संपली तेव्हा हे नाव पुढे पन्नाशीकडे वाटचाल करील, असं कुणी म्हटलं असतं तर हसू झालं असतं.

तिला तारलं प्लास्टिकने. जुलै १९८० मध्ये बांदाईने गंडमचं १:१४४ प्रमाणातलं, तीनशे येनचं मॉडेल-किट बाजारात आणलं. चौकटीतून सुटे भाग कापायचे, चिकटवायचे, रंगवायचे. रणगाडे आणि विमानं जोडणाऱ्या पोरांना हे लष्करी यंत्र आपलं वाटलं. पाठोपाठ १९८१-८२ मध्ये मालिकेचेच तीन चित्रपट करून थिएटरात लावले गेले आणि टीव्हीवर हुकलेला प्रेक्षक तिथे रांगेत उभा राहिला. मग १९८५ मध्ये ‘झेटा’, लगेच ‘डबल झेटा’, आणि १९८८ मध्ये ‘शार्स काउंटरअ‍ॅटॅक’ हा चित्रपट. त्यातला शार म्हणजे पहिल्या मालिकेतला लाल यंत्रातला, मुखवटेधारी, नेहमीच्या तिप्पट वेगाने येणारा शत्रू. नायकाइतकाच, काहींच्या मते नायकाहून अधिक लाडका. चित्रपटाच्या शेवटी शार आणि नायक दोघेही दिसेनासे होतात. त्या कथेच्या कालगणनेत ते साल ००९३. गोष्ट तिथे जवळजवळ मिटली होती.

ती पुन्हा उघडली एका कादंबरीकाराने. लष्करी थरारकथांसाठी जपानमध्ये नाव असलेले हारुतोशी फुकुई २००६च्या अखेरीपासून ‘गंडम एस’ या मासिकातून ‘युनिकॉर्न’ क्रमशः लिहू लागले. मूळ १९७९च्या मालिकेतली माणसं ज्यांच्या हातून उतरली होती, त्या योशिकाझू यासुहिको यांची चित्रं त्याला होती आणि यंत्रांची रचना हाजिमे कातोकी यांची. दहा खंड झाले. सनराईज स्टुडिओने ते पडद्यावर आणायचं ठरवलं तेव्हा दिग्दर्शन काझुहिरो फुरुहाशी यांच्याकडे गेलं आणि संगीत हिरोयुकी सावानो यांच्याकडे. हेच सावानो पुढे २०१३ मध्ये ‘अटॅक ऑन टायटन’मुळे जगभर पोचले. आजच्या नवख्या प्रेक्षकाला त्यांचे ढोल आणि ते चढत जाणारे सूर ओळखीचे वाटतात, ते त्यामुळे.

‘युनिकॉर्न’चा थाट समजायचा तर ती कशी विकली गेली ते बघावं लागतं. ती टीव्हीसाठी नव्हती. थेट घरी बघणाऱ्या ग्राहकासाठी ॲनिमे करण्याची रीत १९८३च्या ‘डॅलोस’पासून जपानमध्ये रुजली होती. ‘युनिकॉर्न’ त्या रीतीची बहुधा शेवटची मोठी मिजास. प्रत्येक भाग सुमारे तासाचा, शेवटचा दीड तासाचा. आधी मोजक्या थिएटरांत थोडे आठवडे, तिथेच ब्लू-रेची विक्री, मग बाकीच्या दुकानांत. पहिला भाग थिएटरात लागला फेब्रुवारी २०१० मध्ये आणि सातवा मे २०१४ मध्ये. सहाव्यानंतर सातव्यासाठी चौदा महिने थांबावं लागलं. दर आठवड्याचा रतीब नसल्यामुळे चित्रकारांना वेळ मिळाला, आणि तो वेळ पडद्यावर दिसतो.

एकच प्रसंग घेऊ. पहिल्या भागात, सुरुवातीच्या प्रस्तावनेनंतर लगेच येणारा. एक मालवाहू जहाज पळतंय, संघराज्याचे मोबाईल सूट, म्हणजे यंत्रमानव, मागे लागलेत. जहाजातून हिरवं, चार प्रचंड पाकळ्यांचं एक यंत्र बाहेर पडतं : क्षत्रिया. हो, नाव आपलंच आहे. बाकीचे पाठलाग करणारे बघता बघता संपतात. उरतो स्टार्क जेगन नावाचा एक सूट. साध्या शिपायाचं यंत्र, अंगावर जादा क्षेपणास्त्रांची ओझी बांधलेलं. आतल्या पायलटचं नाव आपल्याला कळत नाही. पण तो एकही मूर्खपणा करत नाही. क्षेपणास्त्रं सोडतो, नळकांडी रिकामी होताच अंगावरून झटकून टाकतो, हलका होतो, शत्रूच्या उडत्या तोफांमधून वाट काढतो, तलवार उपसून अगदी जवळ पोचतो. आणि तिथे मरतो. हे सगळं मोजक्याच मिनिटांचं. नळकांडी सुटतात तेव्हा त्यांच्या धक्क्याने यंत्राचा खांदा किंचित मागे जातो. एवढ्या बारीक हालचालीसाठी कुणीतरी कागदावर किती वेळ घालवला असेल! पण त्या खांद्यामुळेच यंत्राला वजन येतं आणि वजनामुळे आतल्या माणसाचं मरण खरं वाटतं. गंडमचा सगळा श्रीमंतीचा खर्च मला या एका बिननावाच्या शिपायात वसूल झालेला दिसतो.

आता माझ्या चुकांकडे.

पहिलं उत्तर होतं शिस्तीचं. मावसभावाला मी कागदावर यादीच करून दिली होती : मूळ मालिकेचे ४३ भाग, ‘झेटा’चे ५०, ‘डबल झेटा’चे ४७, मग १९८८चा चित्रपट आणि मग बक्षीस म्हणून ‘युनिकॉर्न’. एकशे चाळीस भागांचं कर्ज फेडल्याशिवाय घरात पाऊल ठेवायचं नाही, असाच त्याचा अर्थ होता. १९७९चं चित्रकाम, घाईत उरकलेल्या फ्रेम, त्याच त्या स्फोटांची पुनरावृत्ती. सहाव्या भागाला तो थांबला. पुढे कधी विषय निघाला की ‘तुझं ते रोबोंचं गॅझेटियर’ म्हणतो.

दुसरं उत्तर त्याच्या उलट टोकाचं. भाचीला सांगितलं, काही माहीत नको, थेट ‘युनिकॉर्न’ लाव. पहिला भाग तिने डोळे न हलवता पाहिला. दुसऱ्यात फुल फ्रंटल आला. लाल यंत्र, मुखवटा, मऊ आवाज. पडद्यावरचे सगळे त्याला बघून दचकतात. तिने विचारलं, “मामा, हा नक्की कोणाची नक्कल करतोय? आणि सगळ्यांना एवढं घाबरायला काय झालं?” मी चित्र थांबवलं आणि वीस मिनिटं बोललो. शार कोण, तो कसा दिसेनासा झाला, आणि या माणसाला १९७९ पासून शारला आवाज देणाऱ्या शुइची इकेदा यांचाच आवाज का दिलाय. सांगता सांगता मला कळत होतं की हे सांगून कळायचं नाही. जुन्या प्रेक्षकाला त्या आवाजात तीस वर्षं ऐकू येतात, तिला फक्त एक गोड बोलणारा खलनायक ऐकू येत होता. तिसऱ्या भागापर्यंत ती पडद्यापेक्षा माझ्याकडेच जास्त बघू लागली. चौथ्यात, सोळा वर्षं लपवून ठेवलेली जुनी यंत्रं घेऊन हरलेल्या पक्षाचे सैनिक अखेरचा हल्ला करतात. त्या गंजक्या यंत्रांची गर्दी बघून माझा गळा दाटला होता. तिने फोन हातात घेतला होता.

तिसरं उत्तर मला मालिकेनेच दिलं, एकट्याने पुन्हा बघताना. नायक बानाघर लिंक्स हा एका औद्योगिक वसाहतीतला शाळकरी मुलगा. ज्याच्याकडे असेल तो संघराज्य उलथवू शकेल, अशा ‘लाप्लासच्या पेटी’साठी मोठी माणसं भांडताहेत, आणि ती पेटी, ते युद्ध, ती घराणी यातलं त्याला काहीच माहीत नाही. त्याच्या हाती किल्ली म्हणून एक पांढरं यंत्र पडतं. वसाहतीतल्या एका वाड्यात भिंतीवर एक गालिचा आहे : तांबडी पार्श्वभूमी, मधे एक स्त्री, शेजारी सिंह आणि एकशिंगी घोडा. हा गालिचा खरा आहे. पॅरिसच्या क्लूनी संग्रहालयात सहा गालिच्यांचा तो संच आजही बघायला मिळतो. बानाघर त्याच्यासमोर उभा राहतो आणि लहानपणी हे कुठेतरी पाहिलंय, एवढंच त्याला अंधुक आठवतं. नवखा प्रेक्षक नेमका इथेच उभा असतो. समोरचं सुंदर आहे, आपल्याशी त्याचं काही नातं आहे असं वाटतंय, पण काय ते उमगत नाही.

म्हणून पहिला भाग कोऱ्या मनानेच बघायचा. पण त्यानंतर बानाघरला जे करावं लागतं ते प्रेक्षकानेही करायचं : थोरांनी काय करून ठेवलंय ते जाणून घ्यायला मागे जायचं. आता मी सांगतो, ‘युनिकॉर्न’चा पहिला भाग बघ आणि थांब. आवडला तर १९८१-८२चे तीन चित्रपट आणि ‘शार्स काउंटरअ‍ॅटॅक’. मिळून नऊएक तास. मग परत ये आणि पहिल्या भागापासून पुन्हा सुरू कर. ‘झेटा’ आणि ‘डबल झेटा’ यात सुटतात, आणि मरीदा या पायलटच्या भूतकाळाचा एक धागा त्यामुळे हातातून निसटतो, हे मान्य. तेवढा तोटा मी सोसतो.

दोष लपवायचे नसतात, नाहीतर पाहुणा परत येत नाही. फुकुईंची पात्रं बोलतात, फार बोलतात. सहाव्या भागात तर व्याख्यानमालाच लागते. मरीदाच्या वाट्याला आलेले हाल काही ठिकाणी नको इतके दाखवलेत. शेवटी प्रकाशाचे जे चमत्कार होतात, ते १९७९च्या दारूगोळा मोजणाऱ्या मालिकेला किती मानवले असते, यावर वाद घालता येईल. आणि २०१६ मध्ये टीव्हीसाठी याच मालिकेचे बावीस तुकडे केले गेले. ती आवृत्ती नवख्याला देऊ नये. तासाभराचा श्वास वीस-बावीस मिनिटांवर तोडला की स्टार्क जेगनचा तो खांदाही घाईत निघून जातो.

त्यानंतर बरंच झालं. २०१७ मध्ये टोकियोच्या ओदाइबात १९.७ मीटर उंचीचा, ठरलेल्या वेळी शिंग दुभंगणारा युनिकॉर्न उभा राहिला. २०२१ मध्ये ‘हॅथवे’ आला, २०२२ मध्ये ‘द विच फ्रॉम मर्क्युरी’. या दुसरीला कुठलीच पूर्वतयारी लागत नाही. घाईत असलेल्याला मी तीच सुचवतो आणि त्यात कमीपणा मानत नाही. पण थोरांचं कर्ज डोक्यावर घेऊन उभं राहणं म्हणजे काय, ते ‘युनिकॉर्न’मध्येच कळतं.

भाचीवर हा तिसरा प्रयोग गेल्या वर्षी केला. जुन्यातला तिसरा चित्रपट बघताना तिने रात्री मेसेज टाकला : “मामा, ही लाला कपाळावर टिकली लावते! आपल्याकडची आहे का?” शारच्या सोबतीला असलेली लाला सून भारतीय वळणाची, हे मी तिला आधी मुद्दामच सांगितलं नव्हतं. थोड्या वेळाने दुसरा मेसेज आला. त्यात फक्त “अरे, मेली” एवढंच होतं.

पुढच्या सुट्टीत ती आली तेव्हा आम्ही ‘युनिकॉर्न’ पुन्हा पहिल्यापासून लावला. दुसऱ्या भागात लाल यंत्र आलं, मुखवटा आला, आणि तो आवाज ऐकू आला. ती सरसावून बसली आणि हळूच म्हणाली, “हा तो नाहीये.” मी काहीच बोललो नाही. रिमोट तिच्याकडे होता, आणि तिने तो बाजूला ठेवून दिला.