सावलीसाठी धामण

बर्लिनच्या उंटर डेन लिंडेन या रस्त्यावर १६४७ साली लिंडनच्या रांगा लागल्या आणि युरोपभर हे झाड सावलीचं म्हणून नावाजलं. पण थंड प्रदेशातला हा वृक्ष गडहिंग्लजला आणण्यात अर्थ नाही. त्याची भावकी सह्याद्रीत आधीपासूनच आहे, ती म्हणजे धामण, शास्त्रीय नाव ग्रेविया टिलिफोलिया. पूर्वी दोघांचं कूळ एकच मानत, टिलिएसी. आता दोघंही कापूस, भेंडी, अंबाडीच्या कुळात गेले आहेत. अंबाडीशी असलेलं नातं सालीत दिसतं. धामणीच्या अंतरसालीतून चिवट वाख निघतो आणि त्याचे दोर वळतात. लिंडनच्या सालीचेही युरोपात दोर होत. ओळखायचं मात्र पानावरून. कडेला दाते, देठापाशी हृदयाचा आकार, पण दोन्ही बाजू सारख्या नाहीत, आणि बुडापासूनच फुटलेल्या ठळक शिरा. फुलं पिवळी, बारीक, पानांच्या बगलेत झुबक्यानं येतात. फळ वाटाण्याएवढं, पिकल्यावर काळं आणि खाण्याजोगं. लिंडनच्या फुलाच्या देठाला जिभेसारखं लांब पान चिकटलेलं असतं, तसं धामणीला नसतं. फालसाही ग्रेवियाच, पण तो बहुधा झुडूपच राहतो.

धामणीवरचा खरा आक्षेप वेगळाच आहे. लिंडन हिवाळ्यात पानं गाळतो, तेव्हा ऊन हवंच असतं. धामण मात्र हिवाळा सरता सरता उघडी पडते, नेमकी उन्हं चढू लागतात तेव्हा. हे खरं आहे. कोरड्या महिन्यांत पाणी वाचवायची ती तिची रीत आहे. पण नवी पालवी फुलांबरोबर उन्हाळ्यातच येते. आणि मादागास्करहून आलेला गुलमोहर ऐन वैशाखात पानांवाचून फुलतो, तरी सावलीचं झाड म्हणून तो आपण हौसेनं लावतोच! धामणीची वाढ त्याच्याहून सावकाश, हे मान्य. पण गुलमोहराचं लाकूड ठिसूळ, तर धामणीचं इतकं लवचीक की कुऱ्हाडीच्या दांड्यांना ते पसंत करतात. बी कठीण कवचाचं असल्यानं उगवण एकसारखी होत नाही, म्हणून ते भिजवून, जास्तीचं पेरावं. पाला गुरांना आवडतो, तेव्हा रोपाला कुंपण हवंच. हिरण्यकेशीच्या खोऱ्यात शेताचा बांध किंवा शाळेचं आवार तिला योग्य. एसटी थांब्यावर, जिथे मार्चमध्येही सावली लागते, तिथे वडच बरा.