फुप्फुसाच्या कर्करोगावरील शस्त्रक्रियेनंतरचे आयुष्य

फुप्फुसाच्या कर्करोगावर शस्त्रक्रिया झालेला रोगी पुढे किती वर्षे जगेल, या प्रश्नाला वैद्यकशास्त्र बहुधा टक्केवारीने उत्तर देते. शस्त्रक्रियेनंतर पाच वर्षांनी शेकडा किती रोगी हयात असतात, एवढेच ते सांगते. या विधानाचा विषय एकटा रोगी नसून रोग्यांचा समुदाय असतो. रोगी मात्र ते स्वतःविषयीचे भाकीत म्हणून ऐकतो. म्हणून हा समुदाय कोणत्या घटकांनी विभागला जातो, हे पाहणे अगत्याचे आहे.

पहिला व सर्वांत प्रबळ घटक म्हणजे रोगाची अवस्था. गाठीचा आकार व विस्तार, लसिकाग्रंथींतील शिरकाव आणि दूरच्या अवयवांतील प्रसार या तीन गोष्टींवरून ती ठरवितात. या 'टीएनएम' पद्धतीच्या आठव्या आवृत्तीसाठी जमविलेल्या आकडेवारीनुसार, शस्त्रक्रियेनंतरच्या तपासणीत गाठ एक सेंटिमीटरपर्यंतचीच व अन्यत्र न पसरलेली आढळली, तर पाच वर्षे जगणाऱ्यांचे प्रमाण सुमारे ९० टक्के आहे. 'तीन-अ' अवस्थेत ते ४१ टक्क्यांवर येते. शस्त्रक्रिया हे नाव एकच असले, तरी समुदाय भिन्न आहेत.

दुसरा घटक शस्त्रक्रियेच्या व्याप्तीचा. १९३३ साली सेंट लुई येथे एव्हर्ट्स ग्रॅहम यांनी एका रोग्याचे संपूर्ण डावे फुप्फुस एकाच शस्त्रक्रियेत यशस्वीपणे काढले. पुढे फुप्फुसाचा रोगग्रस्त खंड तेवढा काढण्याची पद्धत रूढ झाली. त्याहूनही कमी भाग काढल्यास रोग त्याच जागी पुन्हा उद्‌भवण्याचे प्रमाण वाढते, असे अमेरिकेतील १९९५ च्या चाचणीत दिसले. तथापि जपानमधील २०२२ च्या चाचणीत, फुप्फुसाच्या परिघाजवळील दोन सेंटिमीटरपर्यंतच्या गाठींच्या बाबतीत, खंडाचा केवळ एक विभाग काढलेल्यांपैकी ९४.३ टक्के, तर पूर्ण खंड काढलेल्यांपैकी ९१.१ टक्के रोगी पाच वर्षांनी हयात होते. अधिक कापणे म्हणजे अधिक जगविणे, असे समीकरण सर्वत्र लागू पडत नाही. फुप्फुसाचा जेवढा निरोगी भाग उरतो, त्याच्यावरही पुढील आयुष्य अवलंबून असते.

तिसरा घटक अर्बुदाच्या अंतरंगात असतो. 'ईजीएफआर' या जनुकात विशिष्ट बदल असलेल्या रोग्यांना शस्त्रक्रियेनंतर ओसिमर्टिनिब हे औषध दिले असता, पाच वर्षांनी ८८ टक्के रोगी हयात होते. औषधाऐवजी निष्क्रिय गोळी मिळालेल्यांत हे प्रमाण ७८ टक्के होते. ही तुलना २०२३ साली प्रसिद्ध झाली. सूक्ष्मदर्शकाखाली सारखे दिसणारे अर्बुद येथे दोन गटांत विभागले जातात.

चौथा घटक तंबाखू होय. वरील तीन घटक बहुतांशी रोग्याच्या हाती नसतात. हा मात्र काही अंशी असतो. २०१० च्या एका आढाव्यातील अंदाजानुसार, प्रारंभिक अवस्थेतील ६५ वर्षे वयाच्या रोग्यांपैकी धूम्रपान चालू ठेवणाऱ्यांतील ३३ टक्के, तर निदानानंतर ते सोडणाऱ्यांतील ७० टक्के रोगी पाच वर्षे जगतात. धूम्रपान सोडणाऱ्यांची प्रकृती मुळात बरी असण्याची शक्यता वगळता येत नाही. तरीही ही तफावत दुर्लक्षिण्याजोगी नाही. स्वतः धूम्रपान करणाऱ्या ग्रॅहम यांनी अर्न्स्ट विंडर यांच्यासह १९५० साली तंबाखू व हा रोग यांतील संबंध दाखवून दिला. १९५७ साली ते याच रोगाने निवर्तले. त्यांच्या १९३३ मधील रोग्याने मात्र त्यानंतरही सहा वर्षे आयुष्य उपभोगले.

सारांश, '४१ टक्के' हे विधान खरे असूनही एका व्यक्तीविषयी ते अपुरेच असते. ते ऐकणाऱ्याने प्रथम विचारावे, हे प्रमाण कोणत्या समुदायाचे आहे? सांगणाऱ्यानेही त्या समुदायाचे वर्णन केल्यावाचून आकडा उच्चारू नये.