रक्तसंकलनाची परीक्षा आणि सुश्रुतोक्त दुष्ट व्यध

रक्ताचा नमुना कधीच घेतला जात नाही असा दवाखाना आज बीड जिल्ह्यात शोधूनही सापडणे कठीण आहे. पांडु, प्रमेह, कामला, आमवात यांचे निदान वैद्य दर्शन-स्पर्शन-प्रश्नांनी करतो. परंतु चिकित्सेची प्रगती मोजण्यासाठी अहवाल मागतोच. औषधी दुकानांच्या शेजारीही संकलन केंद्रे उभी राहिली आहेत. आष्टी-पाटोद्याकडून नमुना अहिल्यानगरला, परळी-अंबाजोगाईकडून लातूरला, गेवराईकडून छत्रपती संभाजीनगरला पाठविणे सोयीचे पडते. या सर्व प्रवासाच्या आरंभी जो हात सुई धरतो, तो बहुधा वैद्याचा नसतो. तो सहायकाचा असतो, आणि त्याने ही विद्या पाहून पाहून उचललेली असते. शीर सापडली, नळीत रक्त आले, म्हणजे काम झाले अशी त्याची प्रामाणिक समजूत असते.

वस्तुतः प्रयोगशाळेच्या अहवालात आढळणाऱ्या चुकांपैकी निम्म्याहून अधिक चुका नमुना यंत्रात जाण्यापूर्वीच घडतात, असे या विषयावरील अभ्यास सांगतात. यंत्र लाखो रुपयांचे असले तरी बिघडलेल्या नमुन्यातून ते बिनचूकपणे चुकीचाच आकडा देणार. म्हणून आपल्याकडील सहायकास रक्तसंकलनाची, म्हणजे फ्लेबोटोमीची, प्रमाणपत्र परीक्षा द्यावयास लावणे हे आपल्याच चिकित्सेच्या हिताचे आहे. त्याची तयारी वैद्याने स्वतः कशी करून घ्यावी, हे सांगण्याचा प्रस्तुत लेखाचा उद्देश आहे.

परीक्षेचे स्वरूप थोडक्यात असे. हेल्थकेअर सेक्टर स्किल कौन्सिलने फ्लेबोटोमिस्ट या कामाची मानके ठरविली असून लेखी, प्रात्यक्षिक व तोंडी अशा तीन अंगांनी उमेदवाराचे मूल्यमापन होते. २०१५ मध्ये सुरू झालेल्या प्रधानमंत्री कौशल विकास योजनेत आधीपासून काम करणाऱ्यांच्या अनुभवास मान्यता देऊन त्यांची परीक्षा घेण्याची तरतूद करण्यात आली. प्रवेशाची अट, शुल्क आणि केंद्र यांची चौकशी कौन्सिलकडेच करावी; आठ दिवसांत कागद हाती देणाऱ्या मध्यस्थांकडे नव्हे. हे प्रमाणपत्र केवळ नमुना घेण्याच्या कौशल्याचे आहे, हेही सहायकास आरंभीच सांगावे. अहवालावर स्वाक्षरी करण्याचा प्रश्न वेगळा असून, ती विकृतिशास्त्रातील पदव्युत्तर पात्रता असलेल्या नोंदणीकृत वैद्यकीय व्यावसायिकाची असावी, असा निर्णय सर्वोच्च न्यायालयाने डिसेंबर २०१७ मध्ये दिला आहे.

आता अभ्यासाविषयी. परीक्षेच्या पुस्तकातील संज्ञा इंग्रजी असल्याने मुले बिचकतात. परंतु शिरेला वेध करताना काय काय चुकते, याची तपशीलवार यादी आपल्या शास्त्रात आहे आणि ती मराठीत समजावून सांगण्यास वैद्यासारखा दुसरा शिक्षक नाही. सुश्रुताने शारीरस्थानाच्या आठव्या अध्यायात सिराव्यधविधी सांगताना दुष्ट व्यधाचे वीस प्रकार दिले आहेत. पदवीच्या वर्षांत आपण ते पाठ केले आणि विसरलो. ते सहायकासमोर पुन्हा काढावेत, कारण त्यांतील निम्मे तरी प्रात्यक्षिक परीक्षेच्या टेबलावर जसेच्या तसे भेटतात.

अनुत्थितविद्धा म्हणजे न उठलेल्या सिरेवर केलेला वेध. नवशिका डोळ्याला दिसणाऱ्या निळ्या रेषेवर विश्वास ठेवतो, तर परीक्षक तो बोटाने शीर चाचपतो की नाही हे पाहतो. दाबल्यावर लवचिकपणे वर येणारी शीर घ्यावी. दोरीसारखी कडक लागणारी अथवा ठोके देणारी घेऊ नये. वेपिता ही अस्थानी बांधलेल्या बंधाने होते. पायाच्या सिरेसाठी सुश्रुत वेधस्थानाच्या चार अंगुळे वर बंध सांगतो, आणि आजचे पुस्तक हाताच्या शिरेसाठी वेधस्थानाच्या साडेसात ते दहा सेंटिमीटर वर टुर्निके बांधावयास सांगते. अंतर जवळजवळ तेच. अतिविद्धा म्हणजे प्रमाणाबाहेर खोल गेलेला वेध, ज्यात रक्त आतच शिरते. सुई शिरेच्या पलीकडच्या भिंतीतून गेल्यावर कातडीखाली जी काळीनिळी गाठ येते, ती हीच. म्हणून सुईचा कोन तीस अंशांहून अधिक नसावा. विद्रुता म्हणजे अस्थिर हाताने केलेला वेध. एका सुईवर दोन-तीन नळ्या बदलताना नेमका हाच दोष घडतो. कुट्टिता म्हणजे शीर न सापडता शस्त्राने पुनःपुन्हा केलेले आघात, म्हणजेच सुई आत ठेवून इकडेतिकडे शोधणे. पुनःपुनर्विद्धा या नावाचा अर्थ सांगण्याचीही गरज नाही. दोन प्रयत्नांत रक्त न आल्यास दुसऱ्या व्यक्तीस बोलवावे, हा आजचा नियम त्याचाच प्रतिबंध करतो. आपल्याकडे मात्र तिसरा-चौथा प्रयत्न करणे हे जिद्दीचे लक्षण मानले जाते. अप्रस्रुता ही शीत, भय व मूर्च्छा यांमुळे होते. रुग्णास भोवळ आल्यास आधी बंध सोडावा, सुई काढावी, मग आडवे निजवावे, हा क्रम तोंडी परीक्षेत हमखास विचारण्यासारखा आहे.

विसावा प्रकार मर्मस्थानी झालेल्या वेधाचा. सुश्रुताने सातशे सिरांपैकी अठ्ठ्याण्णव अवेध्य सांगितल्या, त्यामागील दृष्टी कोपराच्या खळग्यात प्रत्यक्ष दाखविता येते. मधली शीर प्रथम घ्यावी, ती न मिळाल्यास अंगठ्याच्या बाजूची, आणि करंगळीच्या बाजूची अगदी शेवटी. कारण तिच्याजवळून धमनी व नाडीतंतू जातात. सुई टोचताच बोटांत विजेसारखी कळ गेली, तर तात्काळ सुई काढावी. सहायकास हे कारणासह सांगितले की तो आयुष्यभर विसरत नाही. नुसता क्रम सांगितला की परीक्षेच्या दिवशी उलटा सांगतो.

एका बाबतीत मात्र सावध असावे. सिराव्यध ही चिकित्सा आहे. तिच्यात दुष्ट रक्त बाहेर काढावयाचे असते आणि त्याची कमाल मर्यादा एक प्रस्थ, म्हणजे साडेतेरा पले, सुमारे अर्धा लिटर मानली आहे. येथे दोन ते पाच मिलिलिटर रक्त हवे असते आणि ते शरीरात जसे होते तसेच नळीत टिकावे, हा सारा खटाटोप असतो. वेध पूर्ण झाला की सुश्रुताचे मार्गदर्शन संपते, आणि परीक्षेतील कठीण भाग तेथून सुरू होतो.

त्यातील पहिला भाग नळ्यांच्या क्रमाचा. प्रथम रक्तसंवर्धनाची बाटली, मग निळ्या झाकणाची सायट्रेटची नळी, त्यानंतर लाल अथवा पिवळी, पुढे हिरवी हेपारिनची, जांभळी ईडीटीएची आणि शेवटी करडी फ्लोराइडची. हा क्रम घोकून पाठ होतो, परंतु कारण समजल्यास चुकत नाही. जांभळ्या नळीतील क्षार पोटॅशियमयुक्त असतो आणि तो कॅल्शियमला बांधून ठेवतो. जांभळी आधी भरून मग लाल भरली व तिचा अंश सुईवरून पुढे गेला, तर अहवालात पोटॅशियम वाढलेले व कॅल्शियम घटलेले दिसते. ज्याचे मूत्रपिंड ठीक आहे असा माणूस त्या कागदावर अत्यवस्थ ठरतो. निळी नळी खुणेपर्यंतच भरावी, कारण तिच्यात नऊ भाग रक्तास एक भाग द्रव असे प्रमाण ठरलेले आहे. नळी हलवावयाची नसते, हळुवार उलटसुलट करावयाची असते. निळी तीन-चार वेळा, जांभळी, हिरवी व करडी आठ ते दहा वेळा.

आपल्याकडे अजूनही पुष्कळ ठिकाणी सिरिंजने रक्त काढून ते दट्ट्या दाबून बारीक सुईतूनच नळीत सोडतात. त्यात तांबड्या पेशी फुटतात. रक्तरस गुलाबी होतो, पोटॅशियम पुन्हा खोटे वाढते. स्पिरिट वाळण्याआधीच टोचणे हेही त्याचे एक कारण. सत्तर टक्के अल्कोहोल लावल्यावर तीस सेकंद थांबावे. फुंकर घालू नये.

बंधाच्या वेळेकडे मी विशेष लक्ष वेधू इच्छितो. टुर्निके एका मिनिटाहून अधिक काळ राहू नये. अधिक काळ राहिल्यास शिरेतील पाणी बाहेर झिरपते, रक्त दाट होते, आणि हिमोग्लोबिन व प्रथिने असतात त्याहून जास्त दिसतात. मूठ उघडझाप करविल्यास पोटॅशियम वाढते. सुश्रुताने हाताच्या सिरेसाठी अंगठा आत घेऊन मूठ मिटावयास सांगितली आहे, उघडझाप सांगितलेली नाही. हा मुद्दा बीड जिल्ह्यात केवळ परीक्षेपुरता नाही. ऊसतोड कामगार महिलांच्या गर्भाशय काढण्याच्या शस्त्रक्रियांचा प्रश्न गाजल्यानंतर २०१९ साली डॉ. नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखाली राज्य शासनाने समिती नेमली, आणि या महिलांच्या नियमित आरोग्यतपासणीचा विषय ऐरणीवर आला. गर्भिणी नसलेल्या स्त्रीत बारा ग्रॅमच्या खाली हिमोग्लोबिन म्हणजे पांडु. साडेअकरा असलेल्या स्त्रीचा बंध तीन मिनिटे तसाच राहिला, तर कागदावर ती बाराच्या उंबरठ्यावर दिसू शकते आणि औषधाविना कारखान्याच्या तळावर रवाना होते. पुढचे सहा महिने तिला कोणी तपासत नाही.

रुग्णाची ओळख पटविणे पुस्तकात चार ओळींत संपते, प्रत्यक्षात ते सर्वांत अवघड आहे. ‘तुम्हीच का अमुक?’ असे विचारू नये. रुग्णाने स्वतः पूर्ण नाव सांगावे, असा नियम आहे. एखाद्या तांड्यावर निम्मी नावे राठोड अथवा चव्हाण असतात, पहिले नावही जुळते. वयस्क स्त्रिया पतीचे नाव उच्चारत नाहीत आणि सोबतचा पुतण्या घाईत भलतेच सांगून जातो. म्हणून नावाबरोबर वय, गाव व ओळखपत्र अशी दुसरी खूण घ्यावी आणि चिठ्ठी नमुना घेतल्यानंतर, रुग्ण उठण्याआधी, त्याच्यासमोर नळीवर लावावी. आधी चिठ्ठ्या लावून ठेवलेल्या नळ्यांची रांग दिसावयास नीटनेटकी दिसते. परीक्षेत मात्र ती चूक धरली जाते.

तीच गोष्ट उपाशीपोटी या शब्दाची. ‘उपास आहे का?’ असे विचारले की एकादशीला साबुदाणा खाऊन आलेला रुग्ण निःशंकपणे हो म्हणतो. चहाने उपास मोडत नाही, ही तर सार्वत्रिक समजूत. ‘काल रात्री शेवटचे काय व किती वाजता खाल्ले, सकाळपासून पाण्याखेरीज काय घेतले?’ असाच प्रश्न सहायकाच्या तोंडी बसवावा. साखरेचा नमुना करड्या नळीतच घ्यावा. साध्या नळीतील रक्तपेशी साखर खात राहतात आणि ती तासाला पाच ते सात टक्के घटते. वैशाखातल्या चाळीस अंशांत, एसटीच्या टपावरच्या डब्यात, त्याहूनही वेगाने. उलट पोटॅशियमसाठी न गाळलेले रक्त थेट बर्फावर ठेवणेही वाईट. म्हणून रक्तरस वेगळा करूनच नमुना पुढे पाठवावा. त्यासाठीचे सेंट्रिफ्यूज केंद्रातच असावे, हे दुकानदार बंधूंनी मनावर घ्यावे.

कचऱ्याविषयी मालकाची जबाबदारी थेट आहे. जैववैद्यकीय कचरा व्यवस्थापन नियम, २०१६ हे आयुष रुग्णालये व दवाखाने यांनाही लागू आहेत. सुया पांढऱ्या, न टोचणाऱ्या डब्यात. सुईविरहित सिरिंज व प्लास्टिक नळ्या लाल पिशवीत. रक्ताचा कापूस पिवळ्या पिशवीत. सुईवर टोपण पुन्हा चढवावयाचे नाही. प्रक्रिया न केलेला कचरा ४८ तासांहून अधिक साठवावयाचा नाही. आणि सहायकांना कावीळ-ब व धनुर्वाताची लस देणे हे याच नियमांनी मालकावर घातलेले बंधन आहे.

सुई टोचल्यास जखम पिळू नये, साबण व वाहत्या पाण्याने धुवावी. एचआयव्ही असलेल्या रुग्णाची सुई टोचल्यास संसर्गाचा धोका सुमारे ०.३ टक्के, लस न घेतलेल्यास कावीळ-बचा मात्र ६ ते ३० टक्के. एचआयव्ही प्रतिबंधक औषध शक्यतो पहिल्या दोन तासांत, फार तर ७२ तासांच्या आत सुरू करावे लागते. त्यासाठी जिल्हा रुग्णालय अथवा अंबाजोगाईचे स्वामी रामानंद तीर्थ महाविद्यालयाचे रुग्णालय गाठण्यात विलंब करू नये. कावीळ-बच्या लसीच्या तीन मात्रा शून्य, एक व सहा महिन्यांनी घ्यावयाच्या असतात. परीक्षेचा अर्ज भरला त्याच आठवड्यात पहिली मात्रा द्यावी आणि तिसऱ्या मात्रेनंतर एक-दोन महिन्यांनी प्रतिपिंडांची तपासणी करून घ्यावी.