मेंदू किती आकसला, हे कसं मोजतात?

भाभा अणुसंशोधन केंद्राच्या परळमधल्या रेडिएशन मेडिसिन सेंटरमध्ये २००२ साली देशातलं पहिलं पेट स्कॅन यंत्र बसलं. मेंदूचा कोणता भाग साखर किती वापरतो, हे पेट दाखवतं. आकारमान मोजायला मात्र एमआरआय हवा.

वयानुसार मेंदू सगळ्यांचाच थोडा आकसतो. आठवणींशी जोडलेला हिप्पोकॅम्पस निरोगी वृद्धांमध्ये वर्षाला साधारण एक-दीड टक्का घटतो, अल्झायमरमध्ये चार-पाच टक्के. मुळात तो भागच तीन-चार घन सेंटिमीटरचा! डोकं जरा हललं, यंत्र किंवा त्याचं सॉफ्टवेअर बदललं, अगदी शरीरात पाणी कमी असलं, तरी मोजमाप चुकतं. म्हणून लंडनच्या निक फॉक्स आणि पीटर फ्रीबरो यांनी १९९७ मध्ये मांडलेली पद्धत मला फार मोलाची वाटते: दोन वेळचे स्कॅन एकमेकांवर तंतोतंत बसवायचे आणि मेंदूची कड किती सरकली तेवढंच मोजायचं.

एकाच स्कॅनवरून ‘मेंदू लहान झालाय’ म्हणताना तुलना कुणाशी, हेही विचारावं. हैदराबादच्या ट्रिपल आयटीने २०१९ मध्ये शंभर भारतीयांच्या स्कॅनवरून नकाशा केला, तेव्हा आपला मेंदू पाश्चात्त्यांपेक्षा सरासरीने लहान आढळला.

रुग्णाच्या घरच्यांनी पुढचा स्कॅन शक्यतो त्याच यंत्रावर, त्याच पद्धतीने करून घ्यावा. नुसती फिल्म पुरत नाही, मूळ प्रतिमांची सीडी मागून जपून ठेवावी.