आधी प्रत, मग इलाज

सिकंदराबादच्या पार्क लेनवरचं चेनॉय ट्रेड सेंटर, सगळ्यांच्या तोंडी नुसतं ‘सीटीसी’, ही संगणक आणि त्याच्या सुट्या भागांची जुनी पेठ. तिथे नवा लॅपटॉप घ्यायला येणारे वेगळे आणि पेनड्राइव्ह मुठीत आवळून येणारे वेगळे. “डिटेक्टच नहीं हो रा भाई,” ही त्यांची एकच तक्रार. आत प्रबंधाची प्रकरणं असतात, दुकानाचे हिशेब असतात, बारशाचे फोटो असतात, गेलेल्या माणसाचा आवाज असतो. दुसरी प्रत बहुधा नसते.

जाणता कारागीर आधी विचारतो, “बंद पडल्यावर तुम्ही याचं काय काय केलंत?” कारण मूळ बिघाडापेक्षा त्यानंतरची खटपटच जास्त नडते. विंडोज म्हणतं, डिस्क फॉरमॅट करा, आणि घाबरलेला माणूस ‘यस’ दाबून टाकतो. क्विक फॉरमॅट असेल तर मुख्यतः नोंदींचे तक्ते नव्याने लिहिले जातात, मजकूर बराचसा जागेवर राहतो. पण विंडोज व्हिस्टापासून पूर्ण फॉरमॅटमध्ये सगळीकडे शून्यं लिहिली जातात. मग कोणाच्याही हातात काही उरत नाही. ‘चेकडिस्क’ चालवणं हाही दुरुस्तीच्या नावाने त्याच पेनड्राइव्हवर केलेला लिखाणाचा प्रकार. इतकंच काय, नुसता जोडला तरी विंडोज त्यावर ‘सिस्टीम व्हॉल्यूम इन्फर्मेशन’ नावाचा फोल्डर तयार करून ठेवतं.

म्हणून पहिलं काम इमेज काढण्याचं. पेनड्राइव्ह थोडा जरी वाचला जात असेल, तर फाइली शोधत न बसता पहिल्या सेक्टरपासून शेवटच्यापर्यंत जसंच्या तसं दुसऱ्या डिस्कवर उतरवायचं. ‘डीडीरेस्क्यू’सारखी मोफत प्रणाली अडलेली जागा सोडून पुढे जाते, सोपं ते आधी पदरात पाडून घेते आणि अवघड भागाकडे नंतर वळते. पुढची सगळी शोधाशोध या प्रतीवर. मूळ नग बाजूला ठेवायचा.

खोडलेली फाइल परत कशी मिळते, हे त्या प्रतीत डोळ्यांनी बघता येतं. एफएटी३२ पद्धतीत फाइल डिलीट केली की तिच्या नावाचं पहिलं अक्षर जाऊन तिथे ‘ई५’ हा संकेत बसतो आणि तिची जागा मोकळी म्हणून नोंदली जाते. मजकुराला कोणी हात लावलेला नसतो. त्यावर नवं काही लिहिलं जाईपर्यंत तो तसाच असतो. नोंदीच नष्ट झाल्या असतील तर ‘फोटोरेक’सारखं साधन फाइलींच्या खुणा हुडकत जातं. जेपीईजी फोटो ‘एफएफ डी८ एफएफ’ने सुरू होतो, पीडीएफच्या तोंडाशी टक्क्याच्या चिन्हामागून ‘पीडीएफ’ हीच तीन अक्षरं असतात. फाइली मिळतात, पण मूळ नावं आणि फोल्डर बहुतेकदा जातात. फाइल तुकड्यातुकड्यांत साठवलेली असेल तर अर्धाच फोटो हाती येतो.

हैदराबादेत ही शिस्त केवळ बाजाराची नाही. रामंतापूरला केंद्र सरकारच्या न्यायवैद्यक प्रयोगशाळा आहेत. १३ डिसेंबर २००१ला संसदेवर हल्ला झाला, त्या प्रकरणात जप्त झालेला लॅपटॉप तपासणीसाठी हैदराबादला, पोलीस संशोधन व विकास ब्युरोच्या तज्ज्ञांकडे आला होता. बनावट ओळखपत्रं आणि गाडीवर लावलेला गृह मंत्रालयाचा स्टिकर यांचा माग त्यात मिळाला. पण खटल्यात बचाव पक्षाने नेमकं बोट ठेवलं ते तारखांवर: काही फाइलींवर जप्तीनंतरच्या तारखा कशा? सर्वोच्च न्यायालयाने २००५मध्ये हा आक्षेप मान्य केला नाही, तरी प्रश्न अगदी रास्त होता, असं मला वाटतं. आज तपासनीस लिखाण रोखणारा ‘राइट ब्लॉकर’ मध्ये लावूनच साधन जोडतात आणि प्रतीचं हॅश मूल्य काढतात. एक बिट बदलला तरी ते मूल्य बदलतं. १ जुलै २०२४पासून लागू झालेल्या भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या कलम ६३खालच्या प्रमाणपत्रात हे मूल्य नोंदवावं लागतं.

पेनड्राइव्ह मुळीच दाद देत नसेल, तर कवच उघडावं लागतं. आत एक छोटी पट्टी, तिच्यावर कंट्रोलर, क्रिस्टल आणि नॅन्ड चिप. पुष्कळदा दोष फक्त प्लगच्या सांध्यात असतो. लॅपटॉपला लावलेल्या पेनड्राइव्हला धक्का बसतो आणि पाच व्होल्ट, डेटाच्या दोन आणि ग्राउंड या चार पिनांपैकी एखादी सुटते. कधी पिनेबरोबर तांब्याची रेघही उखडते. मग सूक्ष्मदर्शकाखाली ती रेघ खरवडून केसाएवढी तार डकवायची, एकदाच जोडायचं आणि इमेज काढायची.

कंट्रोलर जळला असेल तर काम फार वरच्या पायरीचं. हॉट एअरने नॅन्ड चिप उचलून वेगळ्या रीडरमध्ये वाचतात. पण कंट्रोलरने झीज सगळीकडे सारखी व्हावी म्हणून मजकूर विखरून ठेवलेला असतो, वर तो विशिष्ट पद्धतीने मिसळलेलाही असतो. ती मांडणी उलगडल्याशिवाय वाचलेलं सगळं निरर्थक. ‘पीसी-३०००’सारखी महागडी यंत्रणा त्यासाठीच लागते. नखाएवढ्या पेनड्राइव्हमध्ये तर सगळं एकाच काळ्या ठोकळ्यात ओतलेलं असतं. त्यावरचा लेप घासून आतले संपर्कबिंदू उघडे करावे लागतात.

काही ठिकाणी मात्र इलाजच नाही. चिपलाच तडा गेला, कंट्रोलर कूटबद्ध करणारा असून तोच मेला, किंवा मजकुरावर नवं लिहिलं गेलं, तर डेटा गेला. ६४ जीबी छापलेल्या नकली पेनड्राइव्हमध्ये खरी जागा फार थोडी असते. तिच्यापलीकडे टाकलेल्या फाइली नावापुरत्या दिसतात, आत काही उतरलेलंच नसतं. अशा वेळी आशेला लावून पैसे न घेता पहिल्याच दिवशी ‘नाही’ सांगणारा कारागीर शोधावा, आणि त्याच्याकडे पोचेपर्यंत पेनड्राइव्ह पुन्हा एकदाही जोडून बघू नये.