खाद्याला दाखवलेलं ऊन

मुडदूस झालेल्या उंदरांना बरं करायला त्यांनाच उजेडात ठेवावं लागत नाही. त्यांच्या खाद्यावर अतिनील किरण सोडले तरी हाडं सुधारतात. अमेरिकेतल्या विस्कॉन्सिन विद्यापीठात हॅरी स्टीनबॉक यांनी १९२४ च्या सुमारास हे दाखवलं. खाद्यातल्या स्टेरॉल या मेदासारख्या पदार्थाच्या रेणूमधलं एक कडं किरणांनी उघडतं आणि त्यातून हाडांना लागणारं ड जीवनसत्त्व तयार होतं. आपल्या त्वचेतही असंच घडतं. मात्र बंद खिडकीशी ऊन खात बसून उपयोग नाही, काच नेमके तेच किरण अडवते. स्टीनबॉक यांनी पेटंट घेतलं, पण ते खिशात घातलं नाही. विद्यापीठातल्या संशोधनाला पैसा मिळावा म्हणून १९२५ मध्ये निघालेल्या संस्थेकडे दिलं. (दूधदुभत्याच्या विस्कॉन्सिनला ड जीवनसत्त्व मिळालेल्या मार्गारिनची स्पर्धा नको, हाही हिशेब पेटंटमागे होताच!) किरणांची हीच करामत घरीही दिसते: अळंबीच्या चकत्या भर दुपारी उन्हात ठेवल्या, तर त्यांतही ड जीवनसत्त्व वाढतं.