शंभर वर्षांपुढील हवामानाचें गणित

जून महिन्यांत पावसाचा अंदाज चुकला म्हणजे वरच्या वर्गांतील एखादा चुणचुणीत विद्यार्थी आम्हांस हटकून विचारतो, "ज्यांस पुढच्या आठवड्याचा पाऊस सांगतां येत नाहीं, ते इ. स. २१०० चा उन्हाळा कसा सांगतात?" पालकांपैकींही पुष्कळांच्या मनांत हीच शंका असते. शंका रास्त आहे. म्हणून या गणिताची घडण येथें थोडक्यांत सांगण्याचें आम्हीं योजिलें आहे.

प्रथम दोन प्रश्न वेगळे केले पाहिजेत. येत्या १२ मे रोजीं नागपुरास आभाळ येईल कीं नाहीं, हें कित्येक महिने आधीं कोणीही सांगूं शकणार नाहीं. परंतु तेथील मे महिना जानेवारीपेक्षां अधिक तापेल, हें लहान मूलही सांगेल. पहिली गोष्ट हवेच्या क्षणोक्षणीं बदलणाऱ्या स्थितीवर अवलंबून आहे, आणि त्या स्थितीच्या मोजणींतील बारीकशी चूक दोन आठवड्यांत डोंगराएवढी होते. दुसरी गोष्ट पृथ्वीस सूर्यापासून उष्णता किती मिळते व परत किती जाते, या जमाखर्चावर आहे. शतकाचें गणित या दुसऱ्या जातीचें होय.

आतां रीत पाहूं. पृथ्वीभोवतालच्या वातावरणाचे खण कल्पावयाचे व त्यांचे थरावर थर रचावयाचे. प्रत्येक खणांतील उष्णता, दाब, वारा व बाष्प हीं मांडून, न्यूटनचे गतीचे नियम व उष्णतेचे नियम लावून, कांहीं मिनिटांनंतर काय होईल तें काढावयाचें. आणि तेंच उत्तर हातीं घेऊन पुढचीं मिनिटें काढावयाचीं. ही रीत लुइस फ्राय रिचर्डसन या इंग्रज गृहस्थानें प्रथम हातानें करून पाहिली. पहिल्या महायुद्धांत तो फ्रान्समध्यें जखमी शिपायांची गाडी हांकीत असे, आणि त्या धामधुमींत त्यानें २० मे १९१० या एका दिवसाच्या सहा तासांचें गणित केलें. त्यास सुमारें सहा आठवडे लागले. उत्तर आलें तें असें, कीं सहा तासांत हवेचा दाब १४५ मिलिबारनें चढावा! प्रत्यक्षांत वायुभारमापकांतील पारा जेमतेम हलला होता. तरीही १९२२ च्या आपल्या ग्रंथांत त्यानें तें उत्तर जसेंच्या तसें छापलें. इतका निर्भीड ग्रंथकार विरळा. असलें गणित वेळेवर उरकण्यास ६४००० माणसें एका दालनांत बसवावीं लागतील, असेंही त्यानें लिहून ठेविलें आहे. तीं माणसें कधीं बसलीं नाहींत. १९५० सालीं अमेरिकेंतील एनिॲक नांवाच्या यंत्रानें त्यांचें काम आरंभिलें.

पुढें १९६७ मध्यें मूळचे जपानचे स्युकुरो मानाबे व त्यांचे सहकारी रिचर्ड वेदराल्ड यांनीं हवेच्या एका उभ्या स्तंभाचें गणित केलें. हवेंतील कार्बन डायऑक्साइड वायु दुप्पट झाल्यास भूपृष्ठ सुमारें २.३ अंश सेल्सिअसनें तापेल, आणि त्याच वेळीं अगदीं वरचा थर मात्र थंड होईल, असें त्यांस आढळलें. यांतील दुसरा भाग मोठ्या मोलाचा आहे. सूर्यच प्रखर झाल्यानें पृथ्वी तापत असती, तर वरचा थरही तापला असता. पुढें प्रत्यक्ष मोजमापांत खालची हवा तापलेली व वरची निवालेली आढळली. ओझोन घटल्याचा त्यांत वांटा आहे, परंतु तेवढ्यानें सर्व उलगडा होत नाहीं. मानाबे यांस २०२१ सालीं नोबेल पारितोषिकाचा वांटा मिळाला.

या गणिताच्या मर्यादाही सांगितल्या पाहिजेत. पुष्कळ ठिकाणीं एका खणाची बाजू सुमारें १०० किलोमीटर असते. महाबळेश्वरीं वर्षास ५००० मिलिमीटरांहून अधिक पाऊस पडतो आणि थोड्याच कोसांवर वांईस त्याचा लहानसा अंश. गणिताच्या लेखीं दोन्ही गांवें एकाच खणांत! ढग तर त्याहून लहान. त्यांच्याकरितां निरीक्षणांवरून ठोकताळे बसवावे लागतात, आणि प्रत्येक संस्थेचे ठोकताळे निराळे असल्यानें उत्तरेंही थोडीं निराळीं येतात. म्हणून जगांतील अनेक संस्थांचीं उत्तरें एकत्र ताडून पाहतात. पुण्याच्या उष्णदेशीय मौसमविज्ञान संस्थेची प्रतिकृतिही त्यांत आहे. आपल्या विहिरीचें पाणी या गणितास विचारणें म्हणजे जिल्ह्याच्या नकाशावर घराचें दार शोधणें होय.

कांहीं मंडळी या आंकड्यांस पंचांगांतील संवत्सरफलाच्या पंक्तीस बसवितात. परंतु येथें प्रत्येक उत्तराआधीं एक 'जर' असतो. २०२१ सालच्या आंतरराष्ट्रीय अहवालाप्रमाणें, धूर झपाट्यानें कमी केला तर शतकाअखेर उष्णता १८५०–१९०० च्या मानानें सुमारें १.४ अंशांनीं, आणि फार वाढूं दिला तर सुमारें ४.४ अंशांनीं वाढेल. या अंतराचा मोठा भाग शास्त्राच्या अज्ञानाचा नसून, माणसें किती कोळसा व तेल जाळणार, याचा आहे. कोणत्या देशानें किती कमी जाळावें, हें तर कोणत्याच समीकरणांत सांपडत नाहीं; त्याचा वाद २०१५ सालीं पॅरिस येथें माणसांनींच घातला.

अशा उत्तरांवर कारभार कसा चालवावा, याचें उदाहरण लंडन शहराचें आहे. भरतीचें पाणी अडविण्यास थेम्स नदीवर १९८२ पासून दरवाजे आहेत. समुद्र पुढें किती चढेल, याविषयीं उत्तरें एक नाहींत. तेथील अधिकारी तीं जुळण्याची वाट पाहत बसले नाहींत, आणि एकच आंकडा खरा धरून त्यांनीं भिंतही घातली नाहीं. २०१२ च्या योजनेंत पाणी अमुक चढल्यास अमुक उपाय, असा क्रम लावून ठेविला, आणि समुद्र मोजीत राहून योजना पुन्हां तपासण्याचें ठरविलें. त्याप्रमाणें २०२३ सालीं ती तपासली गेली. तेव्हां दरवाजांच्या वरच्या बाजूचे नदीचे बांध २०५० पर्यंत, म्हणजे पूर्वीं ठरल्याच्या १५ वर्षें आधीं, उंच करावे लागतील असें ठरलें.